कामाच्या ठिकाणी ख्रिस्ती विश्वास आणि सचोटी : खानदेशातील मंडळ्यांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील ख्रिस्ती मंडळ्यांचे, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या समूहांचे, स्वरूप एकसारखे नाही. नवापूर आणि अक्कलकुवा परिसरातील मंडळ्या मुख्यतः आदिवासी शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या आहेत, भुसावळला रेल्वेत नोकरी करणारी कुटुंबे आहेत, तर जळगाव आणि धुळे शहरांत शिक्षक, परिचारिका, लिपिक आणि औद्योगिक वसाहतीतील कामगार अधिक आढळतात. पाळकांकडे येणारे प्रश्नही त्यामुळे वेगवेगळ्या कामांतून येतात. त्यांपैकी जे पुन्हा पुन्हा येतात आणि ज्यांना गुळमुळीत उत्तर देऊन भागत नाही, ते येथे घेतले आहेत. कायद्याचे उल्लेख माहितीपुरते आहेत. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाचा सल्ला घ्यावा.

प्रामाणिक राहा असे सर्वच धर्म सांगतात. मग ख्रिस्ती सचोटीत वेगळे ते काय?

सचोटी ही ख्रिस्ती लोकांची मक्तेदारी नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. खानदेशच्या बाजारपेठांत इतर धर्मांची अशी कितीतरी घराणी आहेत, ज्यांच्या नुसत्या शब्दावर लाखो रुपयांचा माल उचलला जातो. उलट रविवारी पहिल्या बाकावर बसणारा माणूस सोमवारी हजेरीपटावर खोटी नावे लिहितो, हेही मंडळ्यांनी पाहिलेले आहे. फरक असलाच तर तो सचोटी कशातून येते, यात आहे. पवित्र शास्त्रातील लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा अठराव्या वचनात आहे. त्याच अध्यायात मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये असे तेराव्या वचनात, आणि तराजू, वजने व मापे खरी असावीत असे पस्तिसाव्या व छत्तिसाव्या वचनांत सांगितले आहे. म्हणजे शेजाऱ्यावरची प्रीती पवित्र शास्त्राने थेट काट्यावर आणि पगाराच्या दिवसावर आणून ठेवली आहे, आणि तिला कारण दिले आहे ते असे की, ज्या देवाने तुम्हांला मिसर देशाच्या दास्यातून सोडवले तो हे सांगत आहे.

दुसरी गोष्ट अशी की, आपले तारण आपल्या चांगल्या वागण्याने मिळत नाही, ते कृपेने मिळते, असे आपण मानतो. याचा अर्थ वागणे कसेही चालेल असा काही जण सोयीने लावतात, पण तो खरा नाही. उलट ज्याला आपली पत राखण्यासाठी निर्दोष दिसण्याची गरज उरलेली नाही, तोच माणूस वरिष्ठांसमोर ‘ही नोंद माझ्याकडून चुकीची झाली’ असे सांगू शकतो, आणि कार्यालयात हे वाक्य फार दुर्मीळ असते.

मी केळीच्या व्यापाऱ्याकडे काटापट्टी, म्हणजे मालाच्या वजनाची चिठ्ठी, लिहितो. शेतकऱ्याला न सांगता वजनात कटती (वजावट) लावली जाते. मी केवळ लिहिणारा आहे. दोष माझा कसा?

रावेर, यावल, सावदा या पट्ट्यातून हा प्रश्न येतो, आणि थोड्याफार फरकाने तो कापूस व धान्याच्या बाजारातूनही येतो. घडाच्या दांड्यापोटी किंवा खराब मालापोटी काही वजावट उघडपणे ठरलेली असेल, ती शेतकऱ्याला आधी माहीत असेल आणि पट्टीवर वेगळी दाखवली जात असेल, तर तो व्यवहाराचा भाग आहे. ती योग्य आहे की जास्त, यावर वाद घालता येतो, पण ती फसवणूक नव्हे. फसवणूक सुरू होते ती न दाखवलेल्या किलोंपासून. अनुवाद या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात (२५:१३-१६) पिशवीत लहानमोठी अशी दोन प्रकारची वजने ठेवू नयेत असे बजावले आहे, आणि आमोस संदेष्टा (८:४-६) ज्यांच्यावर सर्वाधिक संतापतो ते शब्बाथ पाळणारेच लोक आहेत. शब्बाथ कधी संपतो आणि माप लहान करून गव्हाचे भुसकट आपण कधी विकतो, याची ते वाट पाहत असतात. भारतातही वैधमापन अधिनियम २००९ अन्वये खोटी वजने व मापे वापरणे हा गुन्हा आहे.

आता तुमच्या दोषाविषयी. योजना मालकाची आहे, हे खरे. पण पट्टीवरचा आकडा तुमच्या हातचा आहे, आणि शेतकरी विश्वास ठेवतो तो त्या आकड्यावर. म्हणून पहिली पायरी हीच की, काट्यावर जे दिसले तेच मी लिहीन, वजावट करायची असल्यास ती वेगळ्या रकान्यात दाखवू, असे मालकाला एकांतात, आदराने आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी सांगावे. गाडी उभी असताना चार माणसांसमोर हा विषय काढल्यास मालकाला माघार घेण्याची वाटच राहत नाही. काही मालक ऐकतात, कारण चोख पट्टी देणाऱ्याकडे शेतकरी परत येतो, हे त्यांनाही कळते. काही ऐकत नाहीत. तेव्हा तुम्हांला दुसरे काम शोधावे लागेल, आणि ते मिळेपर्यंतचे महिने कठीण जातील. त्याविषयी पुढे मंडळीच्या प्रश्नात लिहिले आहे.

ओल्या कापसाबाबत हेच उलट्या दिशेने लागू होते. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा हा आधार धरून १२ टक्क्यांपर्यंतचा कापूस घेतला जातो. वजन वाढावे म्हणून गाडीवर पाणी मारणारा शेतकरी आपल्याच मंडळीतला असेल, तर त्याची गरिबी हे त्याचे समर्थन होत नाही. आणि नीतिसूत्रे २०:१४ मधला खरेदीदार, जो माल वाईट आहे म्हणत भाव पाडतो आणि घरी जाऊन आपल्या हुशारीची फुशारकी मारतो, तो आजही प्रत्येक बाजार समितीत भेटतो.

सरकारी कामासाठी पैसे दिल्याशिवाय फाइल हलत नाही. अडलेल्या माणसाने पैसे दिले तर ते पाप आहे का?

पवित्र शास्त्राचा रोख प्रामुख्याने घेणाऱ्यावर आहे. लाच डोळस माणसाला आंधळे करते, असे निर्गम २३:८ मध्ये म्हटले आहे, आणि तेथे संदर्भ न्यायनिवाड्याचा आहे. त्यामुळे आपले नसलेले काही मिळवण्यासाठी पैसे देणे आणि आपल्या हक्काचा दाखला कोणी अडवून धरला म्हणून नाइलाजाने पैसे देणे, या दोन गोष्टी नैतिकदृष्ट्या एकाच तागडीत टाकू नयेत, असे आमचे मत आहे. पहिल्या प्रकारात दोघेही मिळून तिसऱ्याचे हिरावून घेतात. दुसऱ्या प्रकारात देणारा स्वतःच लुबाडला जातो. तरीही नाइलाज हा शब्द आपण फार लवकर उच्चारतो. फेलिक्स सुभेदाराला कैदेत असलेल्या पौल प्रेषिताकडून पैशांची अपेक्षा होती, म्हणून तो त्याला वारंवार बोलावून घेत असे, असे प्रेषितांची कृत्ये २४:२६ सांगते, आणि पुढच्याच वचनानुसार पौल दोन वर्षे कैदेत राहिला. त्याच्या सुटकेसाठी वर्गणी काढावी, असे कोणाला सुचले असेल तर ते या पुस्तकाचा लेखक लूक याने नोंदवलेले नाही.

कायदा याहून कडक आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम १९८८ मध्ये २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लाच जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर ती दिल्यापासून सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला संरक्षण आहे. आधीच कळवून सापळ्यात सहभागी होणाऱ्यालाही आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा निःशुल्क क्रमांक १०६४ आहे.

व्यवहारात मात्र बहुतेक वेळा प्रकरण तक्रारीपर्यंत नेण्याची गरज पडू नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार अनेक दाखल्यांना मुदत ठरवून दिलेली आहे आणि ती उलटल्यास अपील करता येते. अर्ज ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावरून करावा, पोच जपून ठेवावी, आणि कोणी शुल्क मागितले तर शांतपणे पावती मागावी. मुलीच्या प्रवेशाची शेवटची तारीख परवावर आलेली असताना दाखल्यासाठी धावणारा माणूस लाच देतोच. तोच अर्ज दोन महिने आधी केला असता, तर तो देण्याची वेळ कदाचित आली नसती. विवेकबुद्धी शाबूत ठेवण्यासाठी पुष्कळदा धैर्यापेक्षा वेळेचे नियोजन अधिक उपयोगी पडते.

आमच्या कार्यालयात टक्केवारीचा वाटा सर्वांच्या टेबलावर येतो. मी मागत नाही, पण नाकारले तर सगळे माझ्याकडे संशयाने पाहतील. काय करावे?

घेऊ नये. या उत्तराला दुसरी बाजू नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आलेल्या जकातदारांना त्याने नोकरी सोडायला सांगितले नाही. ठरवून दिल्यापेक्षा अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले, आणि शिपायांना आपल्या पगारात समाधान मानायला सांगितले (लूक ३:१२-१४). ते कार्यालय भ्रष्ट आहे, हे योहानाला ठाऊक होते. तरी त्यात प्रामाणिक माणूस बसू शकतो, असे त्याने गृहीत धरले.

नाकारण्याची रीत मात्र महत्त्वाची आहे. पाकीट परत करताना प्रवचन देऊ नये, कोणाकडे तुच्छतेने पाहू नये, ‘माझे भागते, मला नको’ एवढे पुरे. सहकाऱ्यांना भीती असते ती तुमच्या सोवळेपणाची नव्हे, तुम्ही उद्या तोंड उघडाल याची. त्यामुळे आपले काम इतके चोख असावे लागते की, नियमावर बोट ठेवून तुम्हांला अडकवणे कोणालाही शक्य होऊ नये. दानीएलाच्या विरोधकांना त्याच्या कारभारात अपराध तर सापडला नाहीच, निष्काळजीपणाही सापडला नाही (दानीएल ६:४). प्रामाणिक पण गलथान कारकुनाला कोणी वाचवू शकत नाही.

बदली होऊ शकते. धडगाव किंवा अक्कलकुव्याला झालेली बदली आपल्याकडे शिक्षा समजली जाते, आणि जाता जाता हे म्हटलेच पाहिजे की, त्या तालुक्यांत राहणाऱ्या आपल्याच बांधवांचा यात किती अपमान आहे, याचा विचार बदलीची हळहळ करणाऱ्या मंडळींनीही केलेला नसतो.

जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकाने शहरात राहून मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी, राहत असल्याचे लिहून दिले, तर त्यात एवढे काय?

घरभाडे भत्ता हा प्रत्यक्ष न राहिलेल्या ठिकाणचा घेतला जातो आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव किंवा स्वतःचे हमीपत्र जोडले जाते, म्हणजे खोटे एकदा नव्हे, दर महिन्याला चालू राहते. गावात राहण्याजोगे घर मिळत नाही, मुलांच्या शिक्षणाची सोय नाही, पती-पत्नीच्या नेमणुका दोन टोकांना आहेत, ही कारणे खरी आहेत आणि नियमात बदल व्हावा म्हणून संघटनेमार्फत जोरदार मागणी करण्यास ती पुरेशी आहेत. खोटे लिहून देण्यास पुरेशी नाहीत. तुमचे बोलणे होय तर होय, नाही तर नाही, एवढेच असावे (मत्तय ५:३७), हे वचन वर्गात मुलांना शिकवणाऱ्याने हमीपत्रालाही लावून पाहावे.

तपासणी न करता तपासणीच्या नोंदवहीवर सही करण्याचा आग्रह होतो. ही केवळ औपचारिकता नाही का?

सही ही साक्ष आहे आणि खोट्या साक्षीविषयी दहा आज्ञांपैकी एक आज्ञा आहे. कारखान्यातील यंत्राची सुरक्षा, रेल्वेच्या डब्याची तपासणी, रुग्णालयातील औषधांचा साठा यांपैकी कोणतीही नोंद असो, ती वाचणारा माणूस तिच्या भरवशावर पुढचे पाऊल टाकतो. वेळ अपुरा पडत असेल, तर ‘तपासले नाही’ असे लिहावे. त्यावरून बोलणी खावी लागतील, ती खावीत.

ऊसतोडीसाठी दोन मुकादमांकडून उचल घेतली आहे. एकाच टोळीत जाता येईल. आता काय करावे?

नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे गुजरातेत आणि दक्षिणेकडच्या कारखान्यांवर कोयता घेऊन जातात, त्यांत आपल्या मंडळ्यांची कुटुंबेही असतात. हा प्रश्न विचारणाऱ्याला प्रथम हे सांगावे लागते की, ज्याच्याकडे जायचे नाही हे ठाऊक असताना घेतलेली उचल म्हणजे खोट्या शब्दावर घेतलेले पैसे आहेत. स्तोत्र १५:४ मध्ये आपली हानी झाली तरी शपथ न मोडणाऱ्या माणसाची प्रशंसा आहे. तेव्हा दुसऱ्या मुकादमाकडे हंगामाआधी स्वतः जावे, शक्य तर एका वडील माणसाला सोबत न्यावे, आणि रक्कम परत करावी. खर्च झाली असल्यास ती किती हप्त्यांत फेडणार, हे लिहून द्यावे. लपून राहिल्यास मुकादम भावाला किंवा बैलजोडीला अडकवतो आणि मग प्रकरण हाताबाहेर जाते.

परंतु एवढेच सांगून थांबणे हा अन्याय होईल. पावसाळ्याच्या अखेरीस घरात दाणा नसताना घेतलेल्या उचलीचा हिशेब अनेकदा मजुराला दाखवलाच जात नाही. हंगाम संपला तरी ती फिटत नाही म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा त्याच टोळीत बांधून घेतले जाते. वेठबिगार पद्धत निर्मूलन अधिनियम १९७६ नुसार कर्जापोटी माणसाला कामावर डांबून ठेवणे बेकायदेशीर आहे, आणि ख्रिस्ती मजुराने प्रामाणिकपणाच्या नावाखाली स्वतःला किंवा बायकोला गहाण टाकावे, असे पवित्र शास्त्र कोठेही सांगत नाही. शेताची कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि तो आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेला आहे, असे याकोबाच्या पत्रात (५:४) म्हटले आहे. मुकादम ख्रिस्ती असेल, तर त्याने पती-पत्नीच्या प्रत्येक जोडीला उचलीचा, खेपांचा आणि वजावटीचा हिशेब कागदावर द्यावा. त्याने मंडळीच्या इमारतीसाठी सिमेंटच्या किती गोण्या दिल्या, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

दसऱ्याला यंत्राची पूजा असते, कार्यालयात सत्यनारायण असतो. सहभागी व्हावे की न व्हावे? प्रसाद घ्यावा का?

यावर आपल्या मंडळ्यांत एकमत नाही, आणि पौलाच्या काळीही नव्हते. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याविषयी त्याला करिंथकरांस पहिल्या पत्रात आठव्या ते दहाव्या अध्यायांपर्यंत लिहावे लागले. आमचे म्हणणे असे आहे की, पूजेचा विधी स्वतः करू नये, पण सहकाऱ्यांच्या आनंदात तोंड फिरवूनही उभे राहू नये. आदल्या दिवशी यंत्र पुसून, तेलपाणी करून झळझळीत करण्याच्या कामात सर्वांच्या पुढे असावे; विधी चालू असताना आदराने बाजूला उभे राहावे; आणि हे वरिष्ठांना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे ऐनवेळी कोणाचा अवमान होत नाही. प्रसादाबाबत ज्याची त्याची विवेकबुद्धी वेगळी असू शकते. जो घेत नाही त्याने घेणाऱ्याला दोष देऊ नये आणि जो घेतो त्याने न घेणाऱ्याला कमी लेखू नये. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायाचा सारा भर याच गोष्टीवर आहे. अरामी सेनापती नामान आपल्या राजाला हाताचा आधार देण्यासाठी रिम्मोन या दैवताच्या मंदिरात वाकणार होता. त्याबद्दल त्याने क्षमा मागितली, तेव्हा अलीशा संदेष्ट्याने त्याला शांतीने जा एवढेच म्हटले (२ राजे ५:१८-१९). या उत्तराने ज्यांना अस्वस्थ वाटते त्यांनी तो प्रसंग पुन्हा वाचावा.

रविवारी पाळी लागते. उपासना चुकते.

गाड्या रविवारीही धावतात आणि रुग्ण रविवारीही आजारी पडतात, त्यामुळे ही पाळी नाकारण्यात विशेष धार्मिकता नाही. पाळी बदलून मिळण्याची वाट मात्र शेजारधर्मातून जाते. श्रावणात कानबाई या देवीची स्थापना रविवारी आणि विसर्जन सोमवारी होते. त्या सोमवारी सहकाऱ्याची पाळी स्वतःहून मागून घेणाऱ्याला नाताळाच्या रजेसाठी अर्ज-विनंत्या कराव्या लागत नाहीत.

कामाच्या ठिकाणी येशूविषयी बोलावे का?

कोणी विचारले तर सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्यावे, असे १ पेत्र ३:१५-१६ सांगते. भारतीय राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्म आचरण्याचे व त्याचा प्रचार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. पण पगाराचा वेळ मालकाचा असतो, आणि जेथे आपला हात वर आहे तेथे हे स्वातंत्र्य आपणच आवरते घ्यावे. अधिकाऱ्याने हाताखालच्या माणसाला, शिक्षकाने विद्यार्थ्याला, परिचारिकेने खाटेवरच्या रुग्णाला धर्माच्या गोष्टी ऐकायला लावू नयेत, कारण समोरच्याला नाही म्हणण्याची खरी मोकळीक तेथे नसते. कामात टाळाटाळ करून पत्रके वाटणारा माणूस तर साक्ष देत नाही, ती पुसून टाकतो.

नोकरीसाठी जातीच्या दाखल्याचा प्रश्न येतो. बाप्तिस्मा झाल्याचे लपवले तर चालेल का?

हा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, आणि अर्धवट माहितीमुळे त्यात विनाकारण गोंधळ होतो. अनुसूचित जमातींचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. मावची, गावित, भिल्ल, पावरा या समाजांतील व्यक्ती ख्रिस्ती झाली म्हणून तिचा आदिवासी दर्जा आजच्या कायद्यानुसार जात नाही. त्यामुळे अशा कुटुंबाने धर्म लपवण्याचे काहीच कारण नाही, आणि तरी अनेक जण भीतीपोटी तो लपवतात.

अनुसूचित जातींची स्थिती वेगळी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये त्यात शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आले नाहीत. बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती जीवन जगत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणे मान्य होणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये एका प्रकरणात दिला. हा नियम अन्यायकारक आहे, कारण धर्म बदलल्याने गावातली वागणूक बदलत नाही, असे अनेक ख्रिस्ती लोकांचे म्हणणे आहे आणि आम्हांलाही ते पटते. याच विषयाच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. लढा उघडपणे द्यावा. परंतु कागदावर एक आणि उपासनेत एक अशी दोन नावे बाळगणाऱ्या माणसाला पुढची तीस वर्षे प्रत्येक निनावी अर्जाची धास्ती घेऊन जगावे लागते, आणि कार्यालयात कोणत्याही चुकीच्या गोष्टीला नकार देण्याचे बळ त्याच्यात उरत नाही, कारण त्याची नस कोणाच्या तरी हातात असते. पाळकांनीही बाप्तिस्म्याची नोंद टाळण्याच्या विनंतीला मान देऊ नये. बाप्तिस्म्याला थांबायचे असेल तर थांबावे, पण खोटी नोंदवही ठेवू नये.

ख्रिस्ती संस्थेतच पूर्ण पगारावर सही घेऊन कमी रक्कम हातात दिली जाते. ‘ही सेवा आहे’ असे सांगतात. यावर बोलणे हे बंड ठरेल का?

ठरणार नाही. ज्याला कमी वेतनावर सेवा करायची आहे, त्याने ती स्वखुशीने आणि खऱ्या आकड्यावर सही करून करावी. सही एका रकमेची आणि पैसे दुसऱ्या रकमेचे, हा प्रकार संस्थेच्या फलकावर क्रूस आहे म्हणून पवित्र होत नाही. उलट या भागात जुन्या मिशनांच्या दवाखान्यांनी आणि शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली पत त्यात खर्ची पडते. मालकांनी आपल्या दासांना न्यायाने व समतेने वागवावे, कारण त्यांनाही स्वर्गात धनी आहे, असे कलस्सैकरांस ४:१ मध्ये आहे. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली मदत नेताना एकट्याने नेली नाही, सोबत माणसे घेतली, आणि कारणही लिहून ठेवले: प्रभूच्या दृष्टीने तर खरेच, पण माणसांच्या दृष्टीनेही व्यवहार स्वच्छ असावा (२ करिंथकरांस ८:२०-२१). प्रेषिताला जे लागू होते ते विश्वस्त मंडळालाही लागू आहे. प्रथम विश्वस्तांकडे लेखी मांडावे, मग मंडळीच्या वडिलांकडे, म्हणजे तिची देखरेख करणाऱ्या ज्येष्ठांकडे. तरीही उत्तर मिळाले नाही, तर कामगार कार्यालयाकडे किंवा धर्मादाय आयुक्तांकडे जाण्यात विश्वासघात नाही.

वरकमाईतून दशमांश दिला तर तो मंडळीने घ्यावा का?

ठाऊक असेल तर घेऊ नये. ज्याचे घेतले त्याला परत करावे. जक्कय या जकातदाराने चौपट परत करण्याचे कबूल केले ते ज्यांना फसवले त्यांना (लूक १९:८).

प्रामाणिक राहिल्याने नोकरी गेली किंवा धंदा बसला, तर मंडळी काय करते?

बहुतेक वेळा प्रार्थना करते. आमची खरी तक्रार येथेच आहे. व्यासपीठावरून सचोटीची अपेक्षा सर्वांकडून केली जाते आणि तिची किंमत मात्र एकट्या कुटुंबाकडून वसूल होते. काटापट्टीवर खोटा आकडा लिहायला नकार देणाऱ्याच्या घरी तिसऱ्या महिन्यात किराणा कोठून येतो, हे कोणी विचारत नाही, आणि सभागृहाच्या फरशीसाठी सर्वांत मोठी देणगी देणारा ठेकेदार मात्र पुढच्या खुर्चीवर बसतो. सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला सभेत मानाची जागा देण्याविषयी याकोबाने जे लिहिले (२:१-४) ते आपल्या वार्षिक सभेविषयीच लिहिले असावे, अशी शंका येते.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मंडळीने दर महिन्याच्या दानातून ठरावीक भाग अशा कुटुंबांसाठी वेगळा ठेवावा आणि तो मागावा न लागता पोहोचवावा. कोणाला लाचेविरुद्ध तक्रार करायची असेल, तर दोन वडिलांनी त्याच्यासोबत कार्यालयाची पायरी चढावी. मंडळीत व्यापारी, कारखान्यातील पर्यवेक्षक, रुग्णालयाचे व्यवस्थापक असतील, तर काम गेलेल्या माणसाला त्यांनी प्रथम विचारावे, कारण खोटी पट्टी न लिहिणारा लेखनिक त्यांनाही शोधून सापडणार नाही. आणि ज्या वर्षी मंडळीतील कोणीही सचोटीपायी काही गमावलेले नसेल, त्या वर्षी वडिलांनी हुरळून जाण्याऐवजी सभासदांच्या घरी जाऊन जरा विचारपूस करावी.

अनुदानित शाळेत नोकरी लागावी म्हणून वडिलांनी शेत विकून संस्थाचालकांना पैसे दिले. आता माझे मन खाते. राजीनामा द्यावा का?

लेवी जकातनाका सोडून येशूच्या मागे गेला (लूक ५:२७-२८). जक्कयाने नुकसान भरून देण्याचे कबूल केले, पण त्याने जकातीचे काम सोडले असे लूक लिहीत नाही. दोन्ही उदाहरणे एकाच शुभवर्तमानात आहेत, त्यामुळे राजीनामा हेच एकमेव उत्तर आहे, असे आम्ही सांगू शकत नाही. आधी एका जाणत्या वकिलाशी बोलावे, कारण कोणतेही विधान वडिलांनाही अडचणीत आणू शकते. मग पाळकांशी आणि मंडळीतील एका विश्वासू व्यक्तीशी बोलावे. ज्याची संधी गेली तो उमेदवार कोण होता, हे कळणे अवघड असते, परंतु दिलेले पैसे भरून काढण्यासाठी खासगी शिकवणी लावणे, विद्यार्थ्यांकडून पैसे घेणे किंवा वर्गावर अर्धाच वेळ देणे, हे तर तुमच्या हातातले आहे आणि ते होता कामा नये. संस्थेत पुढच्या भरतीच्या वेळी मध्यस्थ होण्यास तुम्हांला सांगितले जाईल, कारण ज्याने स्वतः दिले आहेत तो गप्प बसतो, असा हिशेब असतो. तेव्हा नाही म्हणावे. आणि घरात धाकट्या भावासाठी उरलेल्या शेताचा सौदा सुरू असेल, तर वडिलांशी याच आठवड्यात बोलावे. भावाला शिक्षक व्हायचे असेल, तर त्याने अभियोग्यता चाचणी देऊन शिक्षक भरतीच्या ‘पवित्र’ या शासकीय पोर्टलवर नोंदणी करावी, मग वर्षे कितीही लागोत.